ठसा, वाचन आणि संगणकीय दस्तऐवज

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या परिसरातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथील शिलांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दानलेख कोरलेले आहेत.

शिलालेखाचा अभ्यासक प्रथम दगडावर ओला कागद दाबून शाईने ठसा घेतो. ठसा म्हणजे लेखाचे चित्र. नंतर तो अक्षरे लावतो व वाचन नागरीत उतरवतो. ठशात शब्द शोधता येत नाही. वाचनात चूक राहू शकते व ती ठशावरून दुरुस्त करावी लागते. म्हणून दोन्ही आवश्यक ठरतात. संगणकावरील दस्तऐवजांचेही असेच आहे.

पुस्तकाचे पान स्कॅन केले असता जे मिळते, तो ठसा होय. आपल्याला अक्षरे दिसतात. संगणकापाशी मात्र केवळ ठिपके असतात. युनिकोडमधील मजकूर हे वाचन होय. त्यात 'धम्म' हा शब्द ध, म, हलन्त-चिन्ह व म अशा चार क्रमांकांनी साठवला जातो आणि हे क्रमांक सर्व यंत्रांवर तेच असतात. पीडीएफ ही पेटी आहे. तिच्यात चित्रही असू शकते, मजकूरही. डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर आत बहुधा केवळ चित्र आहे किंवा अक्षरांचे क्रमांक सदोष आहेत, असे समजावे.

१९९० च्या दशकात मराठी मजकूर सर्रास अशा फाँटांत जुळवला जाई, की ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर नागरी आकार बसवलेले असत. फाँट नसला की पानावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटत. प्रस्तुत लेखकाची त्या काळातील पाली शब्दसूची अशीच मुकी झाली. छापील प्रत जवळ होती म्हणून ती पुन्हा जुळवता आली.

ब्राह्मीचेही असेच झाले होते. दगड टिकले, परंतु लिपी वाचण्याची विद्या लोपली. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ती उलगडेपर्यंत असे लेख मूक होते. दस्तऐवज टिकणे आणि तो वाचता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विहारांतील जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते व दानाच्या नोंदवह्या यांचे स्कॅन करून आपण थांबतो. तेवढे पुरेसे नाही. स्कॅनसोबत युनिकोड मजकूरही तयार करावा, दोन्हींच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ कागद टाकू नये. पवनीच्या दात्यांची नावे आज आपण वाचू शकतो. आपल्या दात्यांची नावेही पुढील पिढ्यांना वाचता आली पाहिजेत.