पोटात गोळा का येतो?

भीती वाटली की पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की पोटात कालवते, दुसऱ्याचे अपराध आपण पोटात घालतो. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र मत्सराला 'होट्टेकिच्चु' म्हणतात, म्हणजे पोटातली आग. दोन्ही भाषांनी मनाचा पत्ता पोटात दिला आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच चुकीचा नाही.

१८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेले छिद्र बुजले नाही. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्या छिद्रातून पचनक्रिया प्रत्यक्ष पाहिली व १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. राग आला की पचन बिघडते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. पुढे वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर बिथरले की ती थांबत असे.

हे घडते कसे? संकट जाणवताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो. त्याचे संक्षिप्त नाव सी.आर.एफ. वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली त्याची रचना उलगडली. ते पियुषिका ग्रंथीला जागे करते. पियुषिकेचा निरोप रक्तावाटे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरते. अॅड्रेनॅलिन तर त्याआधीच सुटलेले असते. सी.आर.एफ.मुळे जठर मंदावते, पण मोठे आतडे वेगाने हालू लागते. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि शौचाला मात्र दोनदा जावे लागते, ते यामुळे.

हा व्यवहार एकतर्फी नाही. आतड्यांच्या भित्तीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे, आणि व्हेगस मज्जातंतूतील बहुसंख्य तंतू पोटाची वार्ता मेंदूकडे नेतात. म्हणून चिंतेने पोट बिघडते, तसेच बिघडलेले पोट चिंता वाढवते.

परीक्षा संपली की बहुतेकांचे पोट ताळ्यावर येते. काहींचे येत नाही. महिनोन्‌महिने पोट दुखते, कधी जुलाब, कधी मलावरोध. या विकाराला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. यात आतड्यांची संवेदना तीव्र होते. निरोगी माणसाला जाणवणारही नाही एवढ्या वायूने पुष्कळ रोग्यांना कळ येते. काहींना हा विकार जंतुसंसर्गाच्या जुलाबानंतर जडतो. तेव्हा ताण हे एकमेव कारण नव्हे.

मला स्वतःला हा विकार आहे. तपासण्या निर्दोष आल्यावर 'तुम्हाला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत' असे मलाही ऐकावे लागले. पण तपासणीत दिसते ती आतड्याची घडण. बिघाड असतो तो मेंदू आणि आतडे यांच्या संभाषणात. टेलिफोनची तार शाबूत असूनही खरखर येऊ शकते, आणि ऐकणाऱ्याला ती खरीच ऐकू येते. २०१६ च्या 'रोम' निकषांनीही अशा विकारांना मेंदू व आतडे यांच्या परस्परव्यवहाराचे विकार म्हटले आहे.

उपायही दोन्ही टोकांनी होतात. इसबगोल, आहारातील पथ्य व औषधे एकीकडून. नियमित व्यायाम आणि मानसोपचार दुसरीकडून. मात्र शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय किंवा वेदनेने झोपमोड होणे, यांपैकी काही असेल तर ते ताणाच्या माथी मारू नये, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

वर्गात दाराजवळचाच बाक धरणारा, सहलीला दरवेळी नाही म्हणणारा एखादा विद्यार्थी आपल्याही महाविद्यालयात असेल. त्याने परीक्षागृहातून बाहेर जाण्याची परवानगी मागितली, तर प्राध्यापकांनी ती कारण न विचारता द्यावी. बाहेर जाता येईल एवढ्या खात्रीनेही पोट पुष्कळदा शांत राहते.