ऑनलाइन लिलावातील जुने इंग्रजी रुपये : बोली लावण्यापूर्वी तोलून पाहा

नीरा आणि भीमा या नद्यांचा जेथे संगम होतो, त्या नरसिंहपूरच्या वैशाखातील जत्रेत आमच्या वडिलांच्या वेळेपासून कापडाचे पाल लागते. जत्रेत कापड घेणारा गिऱ्हाईक थान उलगडून पाहतो, सुताला बोट लावतो, उजेडात धरतो आणि मग भाव विचारतो. तोच गिऱ्हाईक हल्ली मोबाईलवर फोटो पाहून जुन्या रुपयाला पाच-सहा हजारांची बोली लावतो आणि माल घरी आल्यावर डोक्याला हात लावतो. दुसऱ्याला काय नावे ठेवावी, आम्ही स्वतःही त्यातलेच.

मागील जत्रेनंतर नरसिंहपूरचा एक ओळखीचा मुलगा दुकानावर आला. ‘चाचा, याचे पंचवीस लाख येणार होते,’ असे म्हणून त्याने खिशातून तांब्याचा गोल तुकडा काढला. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण व हनुमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा आणि १८१८ साल. एका संकेतस्थळावर त्याने फोटो टाकला होता. लगेच ‘खरेदीदार’ भेटला. त्याने आधी नोंदणी फी म्हणून दोन हजार शंभर मागितले, मग ‘रिझर्व्ह बँकेचा कर’ म्हणून साडेआठ हजार. पैसे गेल्यावर फोन बंद. उसाच्या बिलातून घरखर्चासाठी काढून ठेवलेले ते पैसे होते.

त्याला आम्ही पहिली गोष्ट ही सांगितली की, असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते, म्हणून ते साल घालतात. काही तुकड्यांवर तर १६१६ असते. त्या साली कंपनीची सुरतेला वखार होती, पण टांकसाळ नव्हती. मुंबई बेटच कंपनीला १६६८ साली मिळाले. आणि एक आण्याचे वेगळे नाणे चलनात आले ते १९०७ साली, सातव्या एडवर्डच्या राज्यात. तेव्हा १८१८ चा ‘एक आणा’ आला कोठून? हे सारे यात्रेत विकण्यासाठी केलेले टाक आहेत. ज्यांच्या देव्हाऱ्यात असा टाक आहे त्यांनी तो भक्तीने जरूर ठेवावा. पण त्याला नाणे म्हणून किंमत नाही. हेच तुकडे ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणूनही खपवले जातात व त्यात मोठमोठे शहाणे लोक लाखांनी बुडाले आहेत.

दुसरी गोष्ट रिझर्व्ह बँकेची. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की, जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसे घेण्याचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. म्हणजे आपला माल विकण्यासाठी आपल्याकडेच आगाऊ पैसे मागणारा तो ठगच समजावा. कापडाच्या धंद्यात कोणी गिऱ्हाईक दुकानदाराकडे खरेदीची फी मागतो काय?

आता खऱ्या रुपयाकडे येऊ. आपल्याकडे त्याला राणीछाप, राजाछाप, कलदार अशी नावे आहेत. १८३५ साली कंपनीने आपल्या साऱ्या मुलुखात एकच रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला तोळा. जुने व्यापारी रुपयाच तोळ्याचे वजन म्हणून तराजूत टाकीत आणि ऐंशी रुपये भरले की शेर होई. चांदी बारा भागांत अकरा भाग, म्हणजे शेकडा ९१.७. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची ओढ लागली, म्हणून १९४० पासून रुपयात चांदी निम्मी राहिली व कडेला मधोमध नक्षीची खाच आली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे.

यावरून पहिली तपासणी तराजूची. शंभरावा भाग दाखवणारा छोटा विजेरी काटा थोड्या पैशांत मिळतो. झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.५ भरला तर हरकत नाही. पण नक्षीची रेघन्‌रेघ ताजी आणि वजन मात्र साडेदहा, असे असेल तर खुशाल परत करावा. लोहचुंबकावर फार विसंबू नये. जर्मन सिल्व्हरचा बनावट रुपयाही चुंबकाला चिकटत नाही, आणि १९४७ चा अस्सल निकेलचा रुपया मात्र चिकटतो. तो खोटा समजून फेकून देणारेही आम्ही पाहिले आहेत.

वजन बरोबर आले तरी धातू पाहावा लागतो. त्याला सोनाराकडे घासण्याची गरज नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवावा, पण तळाला टेकू देऊ नये. काटा जो आकडा दाखवील त्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागावे. जुन्या चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ च्या जवळ दाखवतो व भागाकार १०.३ च्या आसपास येतो. निम्म्या चांदीचा असेल तर काटा १.२२ च्या जवळ व भागाकार साडेनऊ. जर्मन सिल्व्हर किंवा पितळेवर मुलामा असेल तर काटा १.३५ च्या जवळ जातो. चहा उकळेपर्यंत ही तपासणी होते.

आमची स्वतःची फसगत १९११ च्या रुपयात झाली. हा पंचम जॉर्जचा पहिला रुपया. राजाच्या झग्यावर मानाच्या साखळीत एक हत्ती कोरला होता, त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटले. हिंदू-मुसलमान दोघांतही कुरबूर झाली, मुसलमानांत विशेष. सरकारने ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले सुमारे सात लाख बाहेर गेले, उरलेले वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. म्हणून ‘डुक्करछाप’ रुपयाला चांगला भाव येतो. लिलावात फोटो पाहून आम्ही सहा हजार पाचशेला तो घेतला. पाकीट उघडले आणि काट्यावर ठेवला तर ९.८ ग्रॅम!

खरे तर काट्याचीही गरज नव्हती. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. एडवर्ड, पंचम जॉर्ज व सहावा जॉर्ज यांच्या चांदीच्या रुपयावर मागच्या बाजूला फारसी लिपीत ‘यक रुपिया’ लिहिलेले असते. ‘ये’चे दोन नुक्ते आणि ‘पे’चे तीन नुक्ते अस्सल नाण्यावर सुईच्या टोकासारखे सुटे दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेत ते एकमेकांत मिसळून फोड आल्यासारखे होतात, कारण ओतीव धातूला इतके बारीक काम जमत नाही. आमच्या रुपयावर ‘पे’च्या जागी नुसता गोळा होता. फोटोतही तो होता, पण आम्ही हत्तीच पाहत बसलो. विकणाऱ्याने ‘परत घेतला जाणार नाही’ असे बारीक अक्षरात लिहून ठेवले होते, तेही आम्ही वाचले नव्हते. ज्यांना उर्दू येते त्यांनी आधी नुक्ते पाहावेत. ज्यांना येत नाही त्यांनी कडेचे दाते पाहावेत. ते सगळीकडे सारखे आणि तीक्ष्ण हवेत. साच्याची जोडरेघ कडेवर दिसली तर विषय संपला.

१९३९ चा रुपया मात्र वजनाने पकडता येत नाही. त्या सालचे रुपये फार थोडे उरले असल्याने त्यांना मोठी किंमत येते. बनवणारे १९३८ चा अस्सल रुपया घेऊन शेवटच्या आठाचा नऊ करतात. वजन खरे, चांदी खरी, साल खोटे. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जागा घासलेली, चकचकीत किंवा थोडी खोलगट दिसते. असा रुपया फोटोवर घेऊच नये.

खोट्या मालापेक्षा जास्त पैसा जातो तो खऱ्या मालाला खोटा भाव दिल्याने. ‘दीडशे वर्षांपूर्वीचा दुर्मिळ रुपया १८६२’ अशी जाहिरात रोज दिसते. वास्तविक १८६२ हेच साल १८७४ पर्यंत रुपयावर छापत राहिले, त्यामुळे तो ढिगाने मिळतो. (त्यावरील ठिपके मोजून जाणकार भाव ठरवतात, पण नवख्याने त्या भानगडीत पडू नये.) १९१८ चा रुपयाही तसाच. पहिल्या महायुद्धात रुपयाची मागणी इतकी वाढली की अमेरिकेने त्या साली पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले व सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. एकट्या मुंबई टांकसाळीने १९१८ सालचे वीस कोटींवर रुपये पाडले. ती वस्तू दुर्मिळ कशी होईल?

अशा रुपयाचा हिशेब साधा आहे. त्यात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. समजा चांदी किलोला एक लाख असेल, तर ग्रॅमला शंभर आणि रुपयात एक हजार एकोणसत्तरची चांदी. निम्म्या चांदीच्या रुपयात ५.८३ ग्रॅम. भाव वर-खाली होईल तसा हा आकडा फिरवून घ्यावा. सामान्य सालाच्या झिजलेल्या रुपयाला याहून फार जास्त कोणी मागत असेल तर त्याला कारण विचारावे. माळेला कडी लावलेला, भोक पाडलेला किंवा चिंच-रांगोळीने घासून चमकवलेला असेल तर शौकीन लोक चांदीच्याच भावाने धरतात. घरातील जुने रुपये म्हणूनच घासू नयेत.

भाव कळण्यासाठी मागणी पाहू नये, बोली जेथे थांबली तो आकडा पाहावा. नावाजलेल्या लिलावगृहांचे झालेले लिलाव पाहायला मिळतात. तेथे बोलीवर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन व कर घेतात, तो आधी धरावा. विकणाऱ्याकडे नाणे काट्यावर ठेवलेला, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह काढलेला फोटो मागावा. टाळाटाळ झाली तर सोडून द्यावे. प्लास्टिकच्या डबीत बंद, प्रमाणपत्राचे नाणे असेल तर डबीवरील क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जुळवावा, डब्याही बनावट निघतात.

‘विलायतेतील गिऱ्हाईक’ असे कोणी म्हणाले तर आणखी सावध. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील नाणे पुरावस्तू ठरते व परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. आमच्या भागात जमीन खणताना हंडा सापडल्याच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. खरोखर सापडलाच तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, तो परस्पर लिलावात घालणे गुन्हा होईल.

अस्सल माल डोळ्यांखालून घालायचा असेल तर मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तेथेही संग्रह आहे. एक दिवस मोडून पाहण्यासारखे आहे.

त्या मुलाने आमच्यासमोरच १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला. पैसे जाऊन चार दिवस झाले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर पैसे खात्यातच अडवण्याची शक्यता जास्त असते, असे त्याला तेथे सांगण्यात आले. तक्रार नोंदली गेली, रक्कम अद्याप आलेली नाही.

पुढच्या आठवड्यात तो आजीच्या बटव्यातले तीन रुपये घेऊन आला. आम्ही तोलले : ११.६१, ११.५८ आणि ११.६०. नुक्ते स्वच्छ, तिन्ही १९१८ चे. चांदीचा भाव सांगितला आणि त्याहून जास्त कोणी देणार नाही हेही सांगितले. त्याने ते रुमालात बांधले व परत नेले. आजी विकायला तयार नव्हती, तिला फक्त खरे की खोटे एवढेच जाणून घ्यायचे होते.