बाजारातील पडझड आणि कष्टाची पुंजी

शेअर बाजार कोसळल्याच्या बातम्या आल्या की वसईतील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही चिंता पसरते. निवृत्तीचा निधी, आखातातील नोकरीची बचत किंवा वाडी विकून आलेली रक्कम म्युच्युअल फंडात गुंतलेली असते. मग ‘सोने घ्या, जागा घ्या’ असे सल्ले चहूबाजूंनी मिळू लागतात. त्यांत कितपत तथ्य आहे?

विभागणी म्हणजे पाच-दहा योजनांची नावे जमविणे नव्हे. पाचही फंडांनी त्याच मोठ्या कंपन्यांचे शेअर घेतले असतील, तर ते एकाच दिवशी खाली येणार. एका मालमत्तेचा भाव ज्या कारणाने घसरतो, त्याच कारणाने दुसरीचा घसरू नये, हे विभागणीचे मर्म होय. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांना स्पर्श केलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 9 हजारांखाली उतरला. त्या वर्षी आपल्याकडे सोने मात्र महागले. ते आपण आयात करतो आणि रुपया डॉलरपुढे घसरला होता. तथापि हे कवच अभेद्य नाही. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांनी कोसळला. त्या महिन्यात रोख रकमेच्या गरजेपोटी जगभर सोनेही विकले गेले व त्याचा भाव काही काळ उतरला. ऑगस्टमध्ये तोच भाव दहा ग्रॅमला 55 हजारांपलीकडे गेला. ज्यांना थांबणे शक्य होते, त्यांनाच लाभ झाला.

दागिने ही मात्र गुंतवणूक नव्हे, कारण घडणावळ परत मिळत नाही. केंद्र सरकारच्या सुवर्ण रोख्यांचा पर्याय उत्तम होता. नोव्हेंबर 2015 मध्ये प्रतिग्रॅम 2,684 रुपयांना घेतलेल्या रोख्यांचे नोव्हेंबर 2023 मध्ये 6,132 रुपये मिळाले, शिवाय दरवर्षी व्याज. फेब्रुवारी 2024 नंतर मात्र नवे रोखे निघाले नाहीत. आता गोल्ड ईटीएफ हा सोयीचा मार्ग उरतो.

जमिनीचा मोह आपल्याला अधिक. परंतु रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी अर्धा गुंठा विकता येत नाही आणि सातबाऱ्यावरील सर्व वारसांच्या सह्या मिळेपर्यंत वर्षे लोटतात. खुद्द व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयाने लंडनमधील एका इमारतीत 2014 पासून गुंतविलेला पैसा 2022 मध्ये मोठा तोटा सोसून सोडवावा लागला.

बँकेतील ठेव तरी निर्धोक असावी! सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदारांना केवळ एक हजार रुपये काढता येत होते. त्या बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. फेब्रुवारी 2020 पासून ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, पाच लाखांपर्यंत आहे. त्याहून मोठी रक्कम दोन-तीन बँकांत वाटणे हीसुद्धा विभागणीच.

उरला प्रश्न फ्यूचर्स व ऑप्शन्सचा. आपल्याजवळच्या शेअरचा भाव पडल्यास तोटा मर्यादित राहावा म्हणून ऑप्शन घेणे हा एक प्रकारचा विमाच. त्याचा हप्ता भरावा लागतो. जवळ काहीही नसताना तोच व्यवहार करणे ही पैज होय. दुसऱ्याच्या बुडण्यावर पैसा लावण्याच्या अशा प्रवृत्तीवर व्हॅटिकनने मे 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वित्तविषयक दस्तऐवजात कठोर टीका आहे. सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांचा तोटा झाला. आपल्या पॅरिशमधील कित्येक तरुण मोबाइलवर हाच खेळ खेळत आहेत आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते.