स्वस्त कांद्याची किंमत

हळदीकुंकू असो नाहीतर भिशी, शेतकऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "त्यांना काय, सगळं सरकारच देतं! कर्जमाफी, अनुदान... आणि कर भरायचा आम्ही." बोलणारी बाई मनाने वाईट नसते. घरच्या पगारातून कापला जाणारा कर तिला दिसतो. पण मैत्रिणींनो, हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात ना?

आपल्या सोलापूरचंच बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आला दोन रुपयांचा चेक! माल हलका होता, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. असेलही. पण लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत महिनोन् महिने टिकत नाही. मिळेल त्या भावाला विकावाच लागतो. त्या हंगामासाठी राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे किलोला साडेतीन रुपये, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत.

आता वहीची दुसरी बाजू. त्याच वर्षी कांदा महागायची चिन्हं दिसताच ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद केली. बंदी उठली मे २०२४ मध्ये, आणि शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. हे सगळं कुणासाठी? तुमच्या-माझ्या फोडणीसाठी! भाव पडला की तोटा त्याचा, चढायला लागला की सवलत आपल्याला. आपली ही सवलत कुठल्या बजेटात लिहिलेली नसते, म्हणून ती दिसत नाही, इतकंच.

कर्जमाफीने सगळं भागतं असं नाही. २००८ मध्ये केंद्राने केली, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने केली. पण भावाचा भरवसा नसेल तर कोरा झालेला सातबारा पुन्हा भरायला कितीसा वेळ लागणार? त्यापेक्षा पैसा कांदाचाळींवर, प्रक्रिया उद्योगांवर खर्च व्हावा आणि निर्यातीचं धोरण ऐन हंगामात फिरू नये. मतं मागायला दारात येणाऱ्यांना आपण बायकांनी हे विचारायला काय हरकत आहे?

कांद्याची लागण, खुरपणी, पात कापणं, यात बाईचेच हात जास्त राबतात. तिच्या घामाला रास्त भाव मिळावा म्हणून किलोमागे चार रुपये जास्त गेले, तर आपलं बजेट काही कोसळत नाही.