गायब होणारा ‘इज’, परतणारा ‘इट’

इंग्रजी नुकतंच शिकू लागलेला एखादा अरब म्हणतो, ‘माय ब्रदर इंजिनीअर.’ ऐकणाऱ्याला वाटतं, ‘इज’ विसरला. पण त्यालाच निवृत्त वडिलांबद्दल विचारा. ‘माय फादर वॉज इंजिनीअर.’ आता ‘वॉज’ कसा बरोबर जागेवर आला? फक्त वर्तमानकाळातच दगा देणारी ही कुठली विस्मृती?

विस्मृती नाहीच ती, नियम आहे. अरबीत ‘अखी मुहंदिस’, म्हणजे ‘माझा भाऊ इंजिनीअर’, एवढ्यावर वाक्य पुरं होतं. वर्तमानकाळातल्या ‘आहे’साठी तिथे क्रियापदच लागत नाही. भूतकाळ आला की मात्र ‘काना’ हे क्रियापद हजर होतं. ‘हे माझे वडील’ म्हणताना आपणही ‘आहेत’ गाळतो, पण आपल्याला ते घालायची मुभा असते. ‘माय ब्रदर इंजिनीअर’मधला ‘अ‍ॅन’ही असाच गळतो, कारण इंग्रजी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’सारखा सुटा शब्द अरबीत नाही. ‘द’ला जुळणारा ‘अल’ मात्र आहे, आणि तो सढळ हाताने वापरला जातो. आयुष्य, प्रेम, स्वातंत्र्य अशा अमूर्त कल्पनांनाही तो लागतो. म्हणून ‘द लाइफ इज हार्ड’. मराठी माणूस ‘द’ खातो, अरब तो जास्तीचा वाढतो!

मला सगळ्यात मोहवतं ते ‘द बुक दॅट आय बॉट इट’ हे वाक्य. शेवटचा ‘इट’ कशाला? अरबीत ‘मी विकत घेतलेलं पुस्तक’ म्हणताना ‘घेतलं’ या क्रियापदाला ‘ते’ या अर्थाचं सर्वनाम शेपटीसारखं जोडतात. अरबी वैयाकरणांनी या सर्वनामाला नाव दिलंय ‘आइद’, परतून येणारा. वाक्य कितीही लांबलं तरी हा परत येतो आणि आपण कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंसुद्धा लांबलचक वाक्यात गुरफटली की नकळत असाच एखादा ‘इट’ घालून सुटका करून घेतात.

याच्या उलट गंमत बघा. नाम अनिश्चित असेल, म्हणजे ‘एक मित्र’, ‘एक घर’ असं, तर अरबीत ‘जो’ हा शब्दच येत नाही. मग इंग्रजीत होतं, ‘आय हॅव अ फ्रेंड लिव्ह्ज इन जेद्दा’. एकाच बोलणाऱ्याकडून एका वाक्यात सर्वनाम जास्त, दुसऱ्यात कमी, आणि दोन्ही वेळा तो आपल्या व्याकरणाशी इमानदार!

हे व्याकरण काटेकोरपणे मांडणाऱ्यांतलं सर्वात मोठं नाव आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या सीबवैहिचं. तो इराणी होता. परक्या कानाला नियम अधिक स्पष्ट ऐकू येत असावेत, असं मला उगाच वाटतं.

संख्यांचा कारभार तर अजबच. तीन ते दहापर्यंत अरबी नाम अनेकवचनी, अकरापासून पुन्हा एकवचनी. पाच पुस्तकं, पण पन्नास पुस्तक. नवशिक्याच्या तोंडी ‘फिफ्टी बुक’ आलं तर त्यामागे हा हिशेब असू शकतो. इंग्रजीचा सराव झाला की या खुणा पुसट होत जातात.

आखातात याचा उलटा प्रवास दिसतो. रत्नागिरी-रायगडातून तिकडे कामाला गेलेल्यांना ‘माफी’, म्हणजे ‘नाही’, चांगलंच ओळखीचं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्स अशा ठिकाणच्या कामगारांनी तिथे एक कामचलाऊ अरबी घडवली आहे. ‘अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचा ‘फी’ त्यांनी भलत्याच जागी नेऊन बसवला: ‘अना फी मालूम’, मला माहीत आहे. अस्सल अरबीला या वाक्यात त्याची काही गरज नाही. पण कामगारांशी बोलताना तिथले अरबही हीच बोली वापरतात, ‘फी’सकट.