विहीर खणण्यापूर्वी



माझ्या चुलत्यांनी पाणाड्याच्या शब्दावर विहीर घेतली. पन्नास फूट खणले, तरी खाली कोरडा पाषाणच. बैलजोडी गेली, कर्ज तेवढे उरले. पाणाड्याची काठी फिरली होती, हे खरे. पण काठी फिरते ती हाताच्या नकळत ताणाने, पाण्याच्या ओढीने नव्हे.

मग जागा पाहावी कशी? महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के भूमी काळ्या कातळाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर भाकरीवर भाकरी ठेवावी तसे एकावर एक साचले. या कातळाच्या पोटात नद्या वाहत नाहीत. पाणी साठते ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सच्छिद्र भागात. अखंड पाषाणात ते मुरत नाही. म्हणून माथ्यापेक्षा सखल जागा बरी, नाल्याकाठची किंवा दोन ओहोळ मिळतात तिथली. शेजारच्या विहिरीत मुरूम किती खोल आहे, झरा कोणत्या थराला लागला, वैशाखात पाणी किती उरते, हे आधी विचारून घ्या.

वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडे आणि वारुळे यांवरून पाण्याच्या खुणा सांगितल्या. उन्हाळ्यात उंबर हिरवेगार दिसले तर ओल जवळ आहे, एवढे समजावे. पाणी किती, हे झाड सांगत नाही. त्यासाठी भूवैज्ञानिक जमिनीत वीजप्रवाह सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. तीही हमी नव्हे; पण आंधळेपणाने खणण्यापेक्षा पुष्कळ बरे.

आता दुसरी गोष्ट. पाणी लागले म्हणजे ते पिण्याजोगे असतेच असे नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा भागांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. ते पाणी जिभेला तरी कळते. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावी पाण्यात फ्लोराइड असते आणि त्याला ना चव, ना वास. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक झाले तर मुलांचे दात डागाळतात. वर्षानुवर्षे प्याल्यास हाडे ताठरतात. उकिरडा किंवा संडास विहिरीजवळ असला, तर नायट्रेट आणि रोगजंतू पाण्यात उतरतात. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र जात नाहीत. तेव्हा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे हाच मार्ग.

गुरुजी, इथे आपले काम आहे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल, तर ते किती लिटर? मुलांना गणित घाला. उत्तर येईल सुमारे १४,०००. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगली ब्लीचिंग पावडर लागेल ३५ ग्रॅम. आणि वर्गात हजेरी घेताना मुलांचे दातही पाहत जा. एकाच विहिरीवरच्या चार-सहा मुलांच्या दातांवर पिवळट, तपकिरी पट्टे दिसले, तर केवळ राखुंडीला दोष देऊ नका. त्या विहिरीचे पाणी तपासायला पाठवा. मुलांचे पक्के दात तयार होत असतानाच पाणी बदलले, तर पुढचे नुकसान टळते. एकदा पडलेले डाग मात्र आपोआप जात नाहीत.