गाडीत फायर सिलिंडर ठेवताय? पण हाताला येतो का?



मागच्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरगुती मसाले आणि फराळाचा व्यवसाय आहे, माल स्वतःच्याच व्हॅनमधून पोचवतात. खंबाटकी घाट चढताना बॉनेटमधून धूर यायला लागला. गाडी बाजूला घेतली. फायर सिलिंडर नव्हता असं नाही, होता! पण मागे, चाळीस खोक्यांच्या खाली. नशिबाने मागून आलेल्या ट्रकवाल्या दादांनी आपला सिलिंडर आणून मारला आणि व्हॅन वाचली. ताई म्हणाल्या, "सर, मी तो कोणी विचारलं तर दाखवायला म्हणून घेतला होता."

मी हसलो नाही. फोन ठेवला आणि आधी माझ्या गाडीतला सिलिंडर काढून बघितला. सीटखालीच होता, पण काटा लाल भागात. म्हणजे प्रेशर गेलेलं. तीन वर्षं मी ते डबडं घेऊन फिरत होतो, आणि वर तुम्हाला रिस्क मॅनेजमेंट शिकवत होतो!

तर घ्यायचा कोणता? साध्या कारसाठी किंवा छोट्या व्हॅनसाठी १ किलोचा एबीसी पावडरवाला. ए म्हणजे कागद, कापड, सीट, खोकी. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल, ऑइल. सी म्हणजे गॅस. गाडीत हे तिन्ही असतं, आणि वायरिंगच्या आगीवरही ही पावडर चालते. किंमत साधारण हजार रुपयांच्या आगेमागे. दुकानदार कधीकधी सीओटू दाखवतो. तो बंद खोलीत इलेक्ट्रिक पॅनलजवळ उत्तम, पण उघड्या रस्त्यावर गॅस वाऱ्याने उडून जातो आणि सिलिंडरही जड. पाण्याचा तर नकोच, पेट्रोलवर पाणी मारलं तर आग पसरते. क्लीन एजंट नावाचा प्रकार चांगला आहे, मागे पावडरचा राडा राहत नाही, पण महाग पडतो.

विकत घेताना आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा नंबर बघा. प्रेशरचा काटा असलाच पाहिजे आणि तो हिरव्या भागात पाहिजे. काटा नसलेली स्प्रेची छोटी बाटली दिसायला छान असते, पण आत प्रेशर शिल्लक आहे की नाही ते कळणार कसं? लेबलवर किती तापमानापर्यंत चालेल तेही लिहिलेलं असतं. ते नक्की वाचा, कारण मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात उन्हात लावलेल्या गाडीचं आतून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका.

मग ठेवायचा कुठे? ड्रायव्हरच्या हाताला येईल असा, सीटच्या पुढे किंवा बाजूला, ब्रॅकेटमध्ये घट्ट अडकवून. सुटा ठेवला तर करकचून ब्रेक मारल्यावर घरंगळत पेडलखाली येईल, म्हणजे आगीआधीच अपघात. महिन्यातून एकदा काढा, काटा बघा, उलटासुलटा करून हलवा. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर खाली दबून बसते.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, १ किलोचा सिलिंडर जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो. तो सुरुवातीच्या आगीसाठी आहे. इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, ११२ ला फोन लावा. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. फटीतून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळांच्या बुडाशी मारा. पेट घेतलेली जागा टाकीजवळ असेल, सीएनजीचा वास येत असेल किंवा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी धुमसत असेल, तर सिलिंडर विसरा आणि लांब पळा. माल पुन्हा करता येतो.

मालावरून आठवलं. गाडीचा विमा गाडीचा असतो, आतल्या मालाचा नाही. नुसता थर्ड पार्टी असेल तर जळालेल्या गाडीचेही पैसे मिळत नाहीत. फराळाची ऑर्डर गेली, ॲडव्हान्स परत द्यायचा आणि वर गाडीचा हप्ता चालूच, असा तिहेरी फटका बसतो. मालासाठी वेगळी पॉलिसी लागते, एजंटला विचारा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर आहे का तेही आजच तपासा. गाडीत फ्रीज, इन्व्हर्टर, जादा लाइट लावणाऱ्यांनी फ्यूज न घालता थेट बॅटरीवरून वायर ओढू नये. दोनशे रुपये वाचवायला गाडी पणाला लावल्यासारखं आहे ते.

ज्यांची फूड व्हॅन आहे त्यांना १ किलो पुरणार नाही, मोठा घ्या. आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर एबीसी पावडर भरवशाची नाही. त्या आगीला एफ क्लास म्हणतात, त्यासाठी वेगळा सिलिंडर मिळतो. तो नसेल तर गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवा. पाणी अजिबात नको.

ताईंनी आता नवा सिलिंडर घेतलाय, ड्रायव्हर सीटच्या बाजूला ब्रॅकेट ठोकून. ट्रकवाल्या दादांचा रिफिलही त्यांनीच करून दिला, कारण एकदा पिन काढून थोडासा जरी मारला तरी प्रेशर हळूहळू गळून जातं, पुन्हा भरून घ्यावाच लागतो.